जन्मापासूनची वहिवाट

भोरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी प्रिन्सिपॉल गुंजाळांनी मला विद्यार्थ्यांच्या बाकावर बसवलं. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणून पुण्याहून आलेला. अंगात नवा कोट, खिशात नवं फौंटनपेन. रात्रभर पाठ केलेलं व्याख्यान ओठांवर तयार होतं. सर म्हणाले, "ते ठेवा झाकून. आपल्याकडं वहिवाट आहे. नव्या प्राध्यापकानं पहिला आठवडा शिकवायचं नाही. पोरांच्यात बसायचं, ऐकायचं, आणि झोप येते का बघायचं."

"ही वहिवाट कधीपासूनची, सर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं अशा कौतुकानं पाहिलं, की आपली निवड चुकली नाही याची त्यांना आत्ताच खात्री पटली असावी.

"तुम्ही बसलात की तेव्हापासून!"

आणि टाळीसाठी हात पुढं केला. प्रिन्सिपॉलच्या हातावर टाळी द्यायची कशी, या विचारात मी पडलो, तेवढ्यात त्यांनी ती आपल्याच दुसऱ्या हातावर वाजवून घेतली आणि ते निघूनही गेले.

मी बसलो. आठवडाभर बसलो. झोप आली. विशेषतः गणिताच्या तासाला अशी आली, की शेजारच्या पोरानं कोपर मारून मला जागं केलं आणि वर "मास्तर, घोरू नगा, दामलेसर बघत्यात" असा सल्ला दिला. पुढं जन्मभर शिकवताना मी बाकाकडून फळ्याकडं पाहत शिकवलं, ते त्या आठवड्यामुळं. माझ्यानंतर जो जो नवा माणूस आला तो तो निमूट बाकावर बसला. का, म्हणून कोणी विचारलं नाही. वहिवाटच होती ती!

आमचं कॉलेज म्हणजे संस्थानची जुनी पागा. घोडे गेले, कॉलेज आलं. भिंतीत दावणीच्या लोखंडी कड्या तशाच होत्या, त्यांत पोरं छत्र्या अडकवत. दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेल मिळत नव्हतं, आणि अशा दिवसांत भोरसारख्या गावात इंटरपर्यंतचं कॉलेज काढायचं हा वेडेपणा होता. विद्यापीठाची मान्यता तात्पुरती, दर वर्षी नव्यानं मागायची. कॉलेजचं वय एक वर्ष. त्या एक वर्षाच्या कॉलेजात गुंजाळसर जिथं तिथं 'पहिल्यापासूनची वहिवाट' दाखवत फिरत.

दिसायला बुटके, रुंद, काळा कोट, धोतर आणि डोक्याला जरीचा रुमाल. मूळचे वेल्ह्याकडचे, भातशेती करणाऱ्या घरातले. त्यांची चाल मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. चांगल्या ऐसपैस व्हरांड्यातूनसुद्धा ते एका पावलापुढं बरोबर दुसरं पाऊल टाकत, दोन्ही हात जरा पसरून चालत. लहानपण खाचरांच्या बांधावरून चालण्यात गेलेलं. सगळी जमीन त्यांना बांधच वाटे, आणि दोन्ही बाजूंना चिखल! बोलणं एरवी शुद्ध, पुस्तकी. पण अंगात उत्साह शिरला की वेल्हं बाहेर पडे. "लई ब्येस!" अशी आरोळी ऑफिसातून ऐकू आली की समजावं, कुठली तरी जुनी गोष्ट आता मोडणार आहे.

प्राध्यापक होण्याआधी त्यांनी भोरच्या कोर्टात वकिली केली होती. पक्षकार सगळे शेतकरी, आणि भांडणं सगळी वाटेची. याच्या बांधावरून त्याची बैलगाडी जाते की नाही, ओढ्यातून त्याची म्हैस उतरते की नाही. "मी कोर्टात कायदा वाचून दाखवायचो," सर सांगत. "समोरचा वकील एक म्हातारा उभा करायचा. म्हातारा म्हणायचा, 'माझा बा हितनंच जायचा.' संपलं! मी हरलो. इतका हरलो, इतका हरलो, की शेवटी शहाणा झालो. आपल्या मुलखात कायद्याला कोणी भीत नाही हो. वहिवाटीला सगळे भितात. मग म्हटलं, आपणच का नाही म्हातारा उभा करायचा?"

माणसाला नवं म्हणून काही दिलं की तो हात मागं घेतो, जुनं म्हणून दिलं की ओंजळ करतो, हे त्यांचं सगळं शास्त्र. कॉलेजात 'बदल', 'सुधारणा', 'योजना' हे शब्द उच्चारायला बंदी होती. गोष्ट सुरू करताना म्हणायचं, "आजच्यापुरतं." आणि कोणी हरकत घ्यायला येईपर्यंत ती वहिवाट झालेली असायची. 'आजच्यापुरतं' आणि 'वहिवाट' या दोन शब्दांच्या मधे किती दिवस जावे लागतात, एवढंच काय ते प्रिन्सिपॉलनं ओळखायचं असतं, असं ते मला पुन्हापुन्हा सांगत.

रांजणाची गोष्ट बघा. अंगणात पाण्याचे दोन रांजण होते. कोणी कुठल्या रांजणातलं पाणी प्यायचं हे कोणी सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. सरांनी त्यावर एक चकार शब्द काढला नाही. एका सकाळी एक रांजण दिसेना.

"झिरपत होता. कुंभाराकडं धाडलाय. आजच्यापुरतं एकातलं प्या," सर म्हणाले.

कुंभाराला वेळ मिळेना. मग कुंभाराच्या घरी लग्न निघालं. मग कुंभाराची माती आली नाही. त्या कुंभारावर इतकी संकटं कोसळली, की पोरांना त्याची दया यायला लागली. दिवाळीनंतर गावातले दोघे प्रतिष्ठित तक्रार घेऊन आले, तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "दुसरा रांजण? इथं एकाच रांजणाची वहिवाट आहे! आता आम्ही ती कशी मोडायची? तुम्हीच सांगा, चालत आलेलं मोडावं का?" चालत आलेलं मोडू नये, हेच सांगायला ते दोघे आले होते. पागोटी सावरत परत गेले.

एकटे दामले मात्र घरून तांब्या आणायला लागले. हे दामले म्हणजे आमचे गणिताचे प्राध्यापक. उंच, कडक, विद्यापीठाच्या नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले. गुंजाळसर बांधावरून चालत, तर दामले आखलेल्या रेघेवरून. दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजे. तांब्या पाहून सर म्हणाले, "आणू द्या. ही त्यांची एकट्याची वहिवाट. आपण कोणाची मोडत नाही."

आता कोणाला वाटेल, या माणसाचं प्रत्येक औषध लागू पडत होतं. छे! एकदा असे तोंडघशी पडले, की भोरात त्या गोष्टीवर पुढं कित्येक लग्नांच्या पंगती हसल्या.

गावातली काही पोरं दुकानांत, कचेऱ्यांत कामाला होती. त्यांना अकराचं कॉलेज जमत नव्हतं. सरांना सकाळी सातला वर्ग सुरू करायचे होते. आणि त्या एका वेळी, कशानं कोण जाणे, त्यांना घाई झाली. 'आजच्यापुरतं' न म्हणता त्यांनी सरळ नोटीस लावली: उद्यापासून कॉलेज सकाळी सात वाजता.

आमचा शिपाई बाबूभाई. पागेत घोडे होते तेव्हा तो तिथं मोतद्दार होता, घोड्यांबरोबर गेला नाही आणि कॉलेजबरोबर राहिला. पागेची भलीमोठी घंटा तोच वाजवायचा. अकराला ती घंटा झाली की कॉलेज, हे गावाच्या अंगवळणी पडलं होतं. पण त्याआधी कित्येक वर्षं ती घंटा अवेळी वाजायची ती एकाच कारणासाठी: गावात आग लागली तर! हे बाबूभाईला माहीत होतं.

"सायेब, सातला नगं. घोटाळा व्हईल," तो म्हणाला.

"नोटीस लावलीय, बाबूभाई. बडवा!"

बाबूभाईनं बडवली. जुन्या सवयीनं जोरात बडवली. आणि काय सांगू! भोर धावलं. बादल्या, हंडे, कळश्या, घागरी. एक वाणी दुकानातलं गोडेतेलाचं रिकामं पिंप घरंगळवत आला. एक गृहस्थ अर्धी दाढी केलेले, अर्ध्या गालावर फेस. बायका ओट्यावरून ओरडतायत, "कुठं लागली? कुठं लागली?" सगळा लोंढा पागेच्या अंगणात येऊन थडकला, आणि समोर पायरीवर जरीचा रुमाल बांधून प्रिन्सिपॉल गुंजाळ विद्यार्थ्यांच्या स्वागताला उभे!

"कुठं हाय आग?" कोणी तरी ओरडलं.

दुसरा कोणी असता तर मेल्याहून मेला झाला असता. सरांनी दोन्ही हात पसरले. "आग विद्येची आहे! आलाच आहात तर बसा. बादल्या बाहेर ठेवा."

आणि खरंच, पंधरावीस माणसं बसली. अर्ध्या दाढीचे गृहस्थ पहिल्या बाकावर होते. इतिहासाचा तास झाला. मात्र त्यात कॉलेजचा विद्यार्थी एकही नव्हता, कारण विद्यार्थ्यांनीही आग समजून घरी पाणी भरायला घेतलं होतं.

दामल्यांनी शांतपणे नियमांचं पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "उपस्थिती चांगली होती."

सरांनी त्याच दुपारी नोटीस फाडली. "चुकलो! लई चुकलो! नोटीस लावली म्हणजे गावाला आपण कळवलं, 'बघा, आम्ही तुमचं काहीतरी हलवतोय.' मग गाव बादल्या घेऊन येणार नाही तर काय?" दुसऱ्या दिवसापासून घंटा न वाजवता दुकानांतली चार पोरं सातला येऊन बसू लागली. आजच्यापुरतं. संक्रांतीपर्यंत खोली भरली.

पण या सगळ्या रंगीत तालमी होत्या. खरा प्रयोग आषाढातला.

भोर-वेल्ह्याकडं आषाढात भाताची लावणी. वाफ्यातलं रोप, ज्याला तिकडं तरवा म्हणतात, ते उपटायचं आणि चिखल केलेल्या खाचरात लावायचं. घरातले सगळे हात लागतात. कॉलेजची टर्म सुरू होते जूनमध्ये. म्हणजे खेड्यातली पोरं आली, बसली, की लगेच लावणीला पळाली. हजेरी कमी, टर्म नामंजूर, वर्ष बुडालं. पोरगं हुशार असो की मठ्ठ, परीक्षेला बसताच येत नाही. पुण्यातल्या कॉलेजांतून आमच्या मुलखातली पोरं अशी दर वर्षी गळत आणि 'खेड्यातल्या मुलांना शिक्षणाची गोडी नाही' असं छापून येई.

कॉलेज काढलं त्याच वर्षी सरांनी लावणीच्या दिवसांत ते बंद ठेवलं. कारण काय सांगितलं? पागेची कौलं चाळायची आहेत! कौलं चाळायची ती उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत. हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमचे सर भर आषाढात कौलं उतरवत होते. दुसऱ्या वर्षी मी होतो. पुन्हा कौलं! दामले छत्री उघडून वर्गात उभे राहिले, वरून धार लागली होती, आणि म्हणाले, "प्रिन्सिपॉलसाहेब, हा मूर्खपणा आहे की लबाडी?"

"आजच्यापुरती लबाडी आहे," सर म्हणाले. "बुडालेले तास यंदाही रविवारी भरायचे. एकही कमी पडता कामा नये. हिशेब तुमच्याकडं."

दामल्यांनी हिशेब घेतला. रागानं लाल होऊन घेतला, आणि पुढचे कित्येक रविवार पोरांना भूमिती शिकवत आम्हा सगळ्यांना शिव्याशाप देत राहिले.

तिसऱ्या वर्षी मारुती आला. कामथडीचा. पुण्यात दोन वर्षं पहिल्याच वर्गात बसलेला, दोन्ही वेळा टर्म भरली नाही म्हणून परत पाठवलेला. त्याचे वडील, त्यांना सगळे आण्णा म्हणत, नाव घालायला आले तेव्हा सरांना स्पष्ट म्हणाले, "आवंदा आन् फुडलं साल, दोन वर्सं देतो. मधीच गाडं अडलं, तर शिकनं बास. मंग त्यो हाय आन् औत हाय." सर म्हणाले, "अडणार नाही." दामले शेजारी होते. त्यांनी नुसतं छताकडं पाहिलं.

आणि त्याच आषाढात तार आली. विद्यापीठाची पाहणी समिती परवा येतेय. कायम मान्यता द्यायची की कॉलेज बंद करायचं, ते पाहून ठरणार. कॉलेज रिकामं! पोरं खाचरांत!

आम्ही सगळे ऑफिसात जमलो. दामले म्हणाले, "मुलं बोलवा. एक दिवसाचा प्रश्न आहे." मीही मान हलवली. आणि सांगायला नवल वाटतं, सरही कबूल झाले. बाबूभाईला सायकलवर पिटाळलं. त्या दिवशी सरांची ती आरोळी ऐकू आली नाही.

समिती यायच्या दिवशी सकाळी पहिला हजर झाला तो मारुती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला इरलं.

"आलो, सर. बाकीची बी येत्यात मागनं."

"शाबास. लावणी कुठवर आली?"

"तरवा उपटून ठिवलाय. आज लावायचा व्हता." मारुती अडखळला. "ऱ्हाईला तर मुळं सुकत्यात. पर बसतो की येक दिस. आण्णा म्हनलं, तरवा का इद्यापीठ, तुझं तू ठरीव."

"मग काय ठरवलंस?"

"आलो न्हवं का!"

सर त्याच्या पायांकडं पाहत उभे राहिले. मग एकदम व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले, आपली ती बांधावरची चाल, आणि तिथून ओरडले, "मारुत्या, जा माघारी! पळ! वाटेत जी जी भेटतील ती सगळी वळव!"

"सर, पर—"

"लई ब्येस रोप सुकवून इथं बाकावर बसायला आलाय! जा म्हणतो ना!"

दामल्यांचा आवाज चढला. "आता समितीला दाखवणार काय?"

"रिकामे बाक!"

"रिकामे बाक?"

"अहो, भरलेले बाक त्यांनी जन्मभर पाहिलेत!"

समिती आली. तिघे होते, पण बोलत होते ते एकटे अध्यक्ष. पांढऱ्या मिशांचे, थकलेले, डोळे मात्र टक्क जागे. त्यांनी एक वर्ग पाहिला, दुसरा पाहिला, कड्यांना हात लावून पाहिला.

"विद्यार्थी?"

"लावणीला," सर म्हणाले. "या दिवसांत कॉलेज बंद असतं. वहिवाट आहे."

"वहिवाट? किती वर्षांची?"

"तीन."

"तीन वर्षांची वहिवाट होत नाही, प्रिन्सिपॉल. तुम्ही वकील होतात असं ऐकतो."

"खरं आहे, साहेब. पण कॉलेजच तीन वर्षांचं आहे. जन्मापासूनची आहे!"

अध्यक्षांच्या मिशा किंचित हलल्या. हसले की काय, ते समजायच्या आतच आवाज कडक झाला. "टर्मचा नियम तुमच्या कॉलेजसाठी नाही का? इथं नियम कोणाला माहीत आहेत?"

सगळ्यांनी दामल्यांकडं पाहिलं. गेली तीन वर्षं हा माणूस या क्षणाची वाट पाहत होता. दामले उभे राहिले, कोटाची बटणं लावली.

"मला माहीत आहेत. या कौलांच्या प्रकाराला माझा पहिल्यापासून विरोध आहे, हे आधी सांगतो."

"सांगा."

"माझा एक रविवार शिल्लक राहिलेला नाही. पत्नी मला पाहुणा समजते. मागच्या दोन्ही वर्षांचे तास मात्र सगळे भरलेत, एकही कमी नाही. कलमात तास किती घ्यायचे ते दिलंय. कुठल्या महिन्यात घ्यायचे ते दिलेलं नाही." दामल्यांनी सरांकडं बोट केलं. "तीन वर्षं शोधतोय मी. सापडलं असतं तर या गृहस्थांना सोडलं नसतं!"

सर खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडं पाहत होते. मला वाटलं रडतायत. नंतर कळलं, हसू आवरत होते.

अध्यक्षांना परत पुण्याला जायचं होतं, आणि कामथडी वाटेवरच. "ही तुमची टर्म दाखवा तरी," ते म्हणाले. त्यांच्या मोटारीत सर, दामले, मी, आणि मागं कसाबसा चिकटलेला बाबूभाई असे निघालो. कामथडीला रस्त्याच्या कडेलाच मारुतीचं खाचर. सगळं घर ओळीनं वाकलेलं. आण्णांनी मान वर केली.

"कोन म्हनायचं?"

"इद्यापीठ आलंय!" बाबूभाईनं घोषणा केली.

आण्णांनी बांधावरच्या छत्र्या, बूट, चष्मे न्याहाळले. "आसं का. मंग उतरा की खाली. हात कमी पडत्यात."

दामले खरंच उतरले! म्हणजे उतरायला गेले नव्हते, बांधावरून पाय सटकला. पण पोटरीपर्यंत चिखलात उभा राहिलेला गणिताचा प्राध्यापक पाहून मारुतीनं अदबीनं तरव्याची जुडी त्यांच्या हातात दिली, आणि दामले ती हातात धरून उभे राहिले.

मारुतीची हकिगत सरांनी मोटारीत सांगितली होती. अध्यक्षांनी आण्णांना विचारलं, "मुलगा पुण्याला दोन वर्षं एकाच वर्गात का राहिला?"

"टरम भरली न्हाई म्हनं." आण्णांनी हातातलं रोप लावलं, मग सरळ उभे राहिले. "आमची बी येकच टरम हाय, सायेब. आखाडात ती न्हाई भरली तर वरीसभर प्वाट भरत न्हाई. तुमच्यात तरी परत बसता येतं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. त्यावर पावसाचे थेंब होतेच. मग सरांना म्हणाले, "मान्यता कायम करायला मी लिहितो. आणि ही लावणीची सवलत मंजूर. मात्र एक. ही तुमच्या भरवशावर देतो, तुमच्यापुरती. तुम्ही प्रिन्सिपॉल आहात तोपर्यंत."

मोटार गेली. बाबूभाईनं शिट्टी मारली, मी उडीच मारली. दामले चिखलातून "चला, एकदाचं मिटलं" असं म्हणत बाहेर आले. परतीच्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत रस्त्यावर उभे असताना मी म्हटलं, "सर, जिंकलो आपण!"

"हरलो हो," ते म्हणाले. "माझ्यापुरती! म्हणजे ही माझी लहर झाली. उद्या मी मेलो की पोरं पुन्हा गळणार. माणसाच्या नावानं मिळालेली वाट ही वाट नव्हे, ती मेहेरबानी."

उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला. दूरच्या एका गावी नवं कॉलेज निघत होतं, तिथं जायचं ठरवलं. आणि आपल्या जागी नाव कोणाचं सुचवलं असेल? दामल्यांचं! मी अक्षरशः भांडलो. सर गेले की सवलत रद्द, वर नियमांचं पुस्तक खुर्चीत बसणार. मारुतीचं दुसरं वर्ष आषाढात बुडणार, आण्णा शब्दाला पक्के.

"दामल्यांकडून निदान वचन घ्या," मी म्हटलं.

"वचन घेतलं की ते पुन्हा माझंच झालं! नाही. मी कशाला काय सांगू?" आणि आवाज खाली आणून, डोळे मिचकावून: "आणि हे बघा, मी कौलं चाळणारा माणूस. मी काहीही सुरू करतो. पण चालू राहायचं तर असा माणूस पाहिजे, ज्याला काही मोडणंच जमत नाही."

"आणि नाही चाललं तर?"

तेव्हा मात्र त्यांचं तोंड उतरलं. "तर मारुतीचं वर्ष मी बुडवलं असं होईल," म्हणाले, आणि ट्रंकेला कुलूप घालायला वळले.

आषाढ लागला. दामले वेळेवर येत, खोलीत बसत, कौलांबद्दल, लावणीबद्दल अवाक्षर नाही. मारुती रोज माझ्याकडं बघे, मी रोज दुसरीकडं बघे. शेवटी एका सकाळी तो प्रिन्सिपॉलच्या दारात उभा राहिला. मी आत होतोच.

"सर, लावणी लागली. रजा मिळंल का?"

दामल्यांनी मान वर केली. "कसली रजा?"

"गुंजाळसरांची सवलत संपली म्हनत्यात, म्हनून—"

"सवलत संपली," दामले म्हणाले. "पण रजा कॉलेज चालू असलं तर मागायची. या दिवसांत इथं कॉलेज चालू असतं का? तीन वर्षं राबलोय मी, मला विचार! आज दुपारनंतर बंद. आणि रविवारचा एक तास जरी चुकवलास, तर टर्म कशी बुडते ते मी दाखवीन!"

मारुती गेला तो दारातली चप्पल विसरूनच.

त्याच सुट्टीत मी पुण्याला निघालो. कापूरहोळला साताऱ्याकडून आलेली मोटार मिळाली. आत शिरतो तो खिडकीशी गुंजाळसर! पाहिल्याबरोबर दंडाला धरून शेजारी ओढलं. "दामले?" एवढंच विचारलं.

मी सगळं सांगितलं, दामल्यांचा आवाज काढून, हातवाऱ्यांसकट. सरांनी माझी मांडी इतक्या जोरानं बडवली, की समोरच्या बाईंच्या टोपलीतली कोंबडी ओरडली. "'चालू असतं का' म्हणाला? असंच? पुन्हा म्हणा!" मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत कंडक्टरलाही पाठ झालं.

तेवढ्यात कामथडी आली. रस्त्याकडेच्या खाचरात माणसं वाकलेली, आणि मोटारीचा आवाज ऐकून एकानं पाठ सरळ केली. मारुती.

"सर, तो बघा! हाक मारा!" म्हणून मी वळलो, तर शेजारी सर नाहीत. खाली बघतो तर प्रिन्सिपॉल गुंजाळ रुमालासकट दोन बाकांच्या मधे, कोंबडीच्या टोपलीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून बसलेले.

"काय झालं, सर?"

"बघू नका माझ्याकडं! तो बघतोय का?"

"बघतोय."

"मग हात करा. तुम्ही करा. मी दिसता कामा नये. मला बघितलं की म्हणेल, गुंजाळसरांनीच दामल्यांना सांगून ठेवलं असणार!"

मी खिडकीतून हात केला. मारुतीनं चिखलाचा हात उंच करून हलवला, आणि लगेच वाकला. काम होतं त्याला. मोटारीनं वळण घेतलं. बऱ्याच वेळानं सर वर आले. रुमाल तिरका झालेला, बाहीला कोंबडीचं पीस चिकटलेलं.

"नाही ना दिसलो?"

"नाही, सर."

"नक्की?"

"नक्की."

ते हळूच मागं वळले. खाचर केव्हाच दिसेनासं झालं होतं, तरी पुढचं शिवरे गाव येईपर्यंत ते मागंच बघत बसले होते.